अर्ध्या धरणाचा आशावाद

जुलै उजाडला आणि घाटमाथ्यावर पावसाने ठाण मांडले, की कोल्हापुरात सकाळची पहिली चौकशी दोन गोष्टींची होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे, आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. या चौकशीत काळजी असते, कुतूहल असते आणि थोडासा अभिमानही असतो. कारण ज्या धरणाच्या दरवाजांची आपण विचारपूस करतो ते शाहू महाराजांचे धरण आहे, ही जाणीव तिच्या मुळाशी असते. मात्र महाराजांनी ते धरण पुरे झालेले पाहिले नाही, ही गोष्ट त्या अभिमानात बहुधा विसरली जाते. आशावादी कोणास म्हणावे, या प्रश्नाचा विचार करू लागले म्हणजे ती विसरलेली गोष्टच अधिक मोलाची वाटू लागते.

हा प्रश्न उपस्थित करण्याचे कारण असे की, ‘आशावाद’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. आजाऱ्याच्या उशाशी, नापास झालेल्या विद्यार्थ्यासमोर, पीक गेलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर तो सारख्याच सढळ हाताने वाटला जातो. सदा हसतमुख राहून ‘सर्व काही ठीक होईल’ असे म्हणणारा तो आशावादी, आणि कपाळाला आठ्या घालून बसणारा तो निराशावादी, अशी एक सोयीची वाटणी आपण करून टाकली आहे. तिच्या जोडीला दुसराही एक समज रूढ आहे. आशावादी माणूस थोडा भोळा, आणि निराशावादी माणूस चार पावसाळे अधिक पाहिलेला, असा तो समज. चावडीवर किंवा चहाच्या टपरीवर ‘काही होणार नाही’ असे ठासून सांगणाऱ्याला जो मान मिळतो, तो ‘करून पाहू’ म्हणणाऱ्याला क्वचितच मिळतो. या दोन्ही समजुतींत आशावाद ही मनाची ठेवण मानली आहे. तो कर्तृत्वाचा एक प्रकार असू शकतो, हे मात्र दोन्हींत सुटून गेले आहे.

दोन वंशावळी

युरोपात या शब्दाला जन्मापासूनच एक खोड लागलेली आहे. जर्मन तत्त्ववेत्ता लायब्निट्झ याने १७१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ईश्वराने संभाव्य अशा सर्व विश्वांतून सर्वोत्तम तेच निर्माण केले. या सर्वोत्तमतेच्या कल्पनेवरूनच पुढे ‘ऑप्टिमिझम’ हा शब्द तयार झाला. म्हणजे मुळात त्याचा संबंध उद्याच्या आशेशी नव्हता, आज आहे ते उत्तमच आहे या समाधानाशी होता. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सणाच्या दिवशी, लोक प्रार्थनामंदिरांत जमलेले असताना लिस्बन शहर भूकंपाने हादरले. पाठोपाठ समुद्र चढून आला आणि उरलेसुरले आगीने गिळले. हजारो माणसे मेली. ‘सर्वोत्तम विश्वा’चे समर्थन करणे त्यानंतर कठीण झाले. चारच वर्षांनी व्हॉल्तेअरने ‘कांदीद’ लिहून या समाधानाची अशी काही टर उडविली, की तेव्हापासून तो शब्द उपहासाची एक छटा अंगावर घेऊनच वावरतो. मात्र त्याच कथेच्या शेवटी व्हॉल्तेअर आपल्या पात्रांना हताश होऊन बसू देत नाही. त्यांना बागेच्या मशागतीला लावतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे ‘आशावाद’ हा शब्द इंग्रजीच्या सहवासाने आला. ‘आशा’ मात्र आपली, आणि फार जुनी. आपल्या संतांनी आणि सुभाषितकारांनी तिला फारसे चांगले म्हटलेले नाही. तिला बेडी म्हटले, मृगजळ म्हटले. फळाची हाव या अर्थाने घेतल्यास ते खरेच आहे. परंतु संस्कृतात ‘आशा’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे ‘दिशा’. कोशकारांच्या दृष्टीने हे दोन निराळे शब्द असतीलही. तरी त्यांचे एकाच रूपात नांदणे अर्थपूर्ण वाटते. दिशा धरणारा माणूस मुक्काम येईलच अशी हमी मागत नाही. तो फक्त तोंड कोणीकडे आहे ते पाहतो आणि पाऊल टाकतो. कोल्हापूरच्या इतिहासातला आशावाद या दुसऱ्या जातीचा आहे, आणि त्याची सर्वांत मोठी खूण भोगावती नदीवर उभी आहे.

थांबलेला बांध

शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला तेव्हा ते अवघे वीस वर्षांचेही नव्हते. दोन-तीन वर्षांतच १८९६-९७ चा दुष्काळ आणि प्लेग एकदम येऊन उभे राहिले; त्यातून सावरतो न सावरतो तोच शतक संपताना दुसरा दुष्काळ आला. सह्याद्रीच्या कुशीतल्या, पावसाने न्हाऊन निघणाऱ्या या मुलखाला उन्हाळ्यात पाण्यासाठी तोंड वासावे लागते, या विपरीत सत्याचा अनुभव त्या तरुण राजाने राज्याच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतच घेतला. त्यातून १९०२ साली पाटबंधाऱ्यांचे धोरण आले. विहिरी, तळी, बंधारे यांची मोजदाद आणि दुरुस्ती सुरू झाली. आणि १९०७ च्या सुमारास भोगावतीवर एक मोठे धरण बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. तेथे वसविलेल्या गावाला कन्येचे नाव देण्यात आले, राधानगरी. आणि तलावाला राणीसाहेबांचे, लक्ष्मी तलाव.

एका मध्यम आकाराच्या संस्थानाच्या खजिन्याला हा घास मोठा होता. बांध चाळीसेक फुटांपर्यंत उभा राहिला आणि महायुद्धाच्या ओढगस्तीच्या काळात, १९१८ च्या सुमारास, पैशाअभावी काम थांबले. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, महाराजांचे निधन झाले. धरण अर्धेच होते. पुढे संस्थान गेले, इंग्रज गेले, आणि १९५० च्या दशकात स्वतंत्र भारतात ते काम पूर्णत्वास पोचले. आज त्यात आठ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी साठते. तलाव भरला की पाण्याच्याच दाबाने त्याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडतात, आणि त्याच पाण्यावर उन्हाळ्यात खालच्या खोऱ्यातला ऊस उभा राहतो.

आता १९२२ सालच्या त्या अर्धवट बांधासमोर उभे राहून विचार करावा. त्या दिवशी निराशावाद्याचे गणित चुकले होते काय? मुळीच नाही. ‘हे संस्थानाला झेपणार नाही, पैसा संपेल’ असे कोणी म्हटले असेल तर ते शब्दशः खरे ठरले होते. भविष्यकथन या दृष्टीने पाहिले तर निराशावादी जिंकला होता. पण आशावादाची परीक्षा भविष्यकथनात घ्यायची नसते, हेच त्या बांधाने पुढे दाखविले. चाळीस फुटांच्या त्या भिंतीने पुढच्या पिढीपुढचा प्रश्न बदलून टाकला. ‘येथे धरण होऊ शकेल काय’ हा प्रश्न मिटला आणि ‘हे धरण पुरे कधी करायचे’ हा प्रश्न उरला. अर्धवट काम पाहणाऱ्याला सतत टोचत राहते. न केलेले काम कोणाला दिसतही नाही. आशावादी माणूस आपल्या मागून येणाऱ्यांसाठी अशी एक टोचणी ठेवून जातो.

हीच रीत महाराजांच्या शिक्षणकार्यातही दिसते. १९०१ पासून कोल्हापुरात एकेका जातीच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहू लागली. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखण्यात आल्या. त्या जागांवर बसण्याइतकी शिकलेली माणसे त्या दिवशी त्या समाजांत पुरेशी नव्हती. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्यात आले. तेव्हाही शिक्षक अपुरे, इमारती अपुऱ्या, आणि गुराखी पोराला शाळेत धाडण्यास बाप नाखूश. येथील जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेला एक मुलगा पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढील आणि तिच्या शाळा खेडोपाडी पोचवील, याचा अंदाज वसतिगृहे काढताना कोणालाही बांधता आला नसता. कर्मवीर भाऊराव पाटील घडतील असे ठरवून कोणी बोर्डिंगे काढीत नसते. कोणी तरी घडेल एवढ्या भरवशावर ती काढली जातात.

भाबड्या आशेचा हिशेब

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, मग आशा ठेवणे हे नेहमीच हिताचे. तसे म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावाही याच नदीने दिला आहे.

२००५ च्या महापुरानंतर पंचगंगेकाठच्या अनेक घरांत भिंतीवर एक रेघ राहिली. ‘पाणी येथवर आले होते.’ ती रेघ खरे तर इशारा म्हणून वाचायला हवी होती. ती हमी म्हणून वाचली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागले तेव्हा ‘२००५ साली उंबऱ्याला लागले नाही, मग आता कसे लागेल’ या हिशेबावर कितीतरी कुटुंबे घरातच थांबली. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद पडला. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील गावांतून माणसे होड्यांनी बाहेर काढावी लागली. दावणीची जनावरे दावणीलाच गेली. पुन्हा ‘असा पूर शंभर वर्षांत एकदा’ असे म्हणून आपण मनाचे समाधान करून घेतले. आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी ५६ फुटांच्या आसपास जाऊन परतले.

‘यंदा येणार नाही’ हे वाक्य ऐकायला आशेचे वाटते. प्रत्यक्षात ते विचार थांबविण्याचे वाक्य आहे. नदीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकणारा तेच म्हणतो, त्या भरावावर सदनिका विकणारा तेच म्हणतो, कर्ज काढून ती घेणारा तेच म्हणतो, आणि परवानगीच्या कागदावर शिक्का उमटविणारा हातही मनातल्या मनात तेच म्हणत असतो. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते. जमिनीवर मात्र नदीच्या पसरण्याच्या जागेत मजल्यावर मजला चढत राहतो. या साखळीतला प्रत्येक जण एक प्रकारचा आशावादीच आहे, असे म्हणावे लागेल. फक्त त्याच्या आशेची किंमत तो स्वतः मोजत नाही. ती नदीच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला राहणारे मोजतात. भराव शहरात पडतो आणि पाणी दुसऱ्याच्या गोठ्यात शिरते. ज्या आशेचा भुर्दंड दुसऱ्यावर पडतो तिला आशावाद म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. ती केवळ सोय आहे.

बरगे काढण्याचे शहाणपण

खऱ्या आशावादाची रीत कशी असते, हे सांगायला कोल्हापूरला दूर जाण्याचे कारण नाही. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाणारी रचना आपल्याच नद्यांवर घडली. नदीच्या पात्रात दगडी खांब उभे करायचे, आणि खांबांमधल्या गाळ्यांत फळ्या, म्हणजे बरगे, बसवायचे. पावसाळा तोंडावर आला की बरगे काढून घ्यायचे आणि पुराला वाट मोकळी करून द्यायची. पावसाळा ओसरला की तेच बरगे पुन्हा बसवून पाणी अडवायचे. पूर येणारच हे यात गृहीत धरले आहे, आणि पूर जाणारच हेही. पुराशी छातीठोक झुंज नाही, आणि पुराच्या धाकाने नदीकाठ सोडून पळणेही नाही. बंधारा दरवर्षी काही महिने पाण्याखाली बुडतो, आणि त्यासाठीच तो बांधलेला असतो.

या व्यवस्थेत एक अट मात्र आहे. बरगे वेळेवर काढावे लागतात आणि वेळेवर घालावे लागतात. कोणी तरी ते मोजून ठेवावे लागतात, कुजलेले बदलावे लागतात, गाळ्यांत अडकलेला पालापाचोळा आणि ओंडके उपसावे लागतात. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरणारे नाही. त्याचे उद्घाटन होत नाही आणि कोनशिलाही बसत नाही. तरीही उन्हाळ्यातले हिरवे शिवार याच कंटाळवाण्या कामावर उभे असते. आशेला देखभाल लागते. ज्याला हे ठाऊक नाही त्याची आशा पहिल्या पुरात वाहून जाते, आणि तो मग आयुष्यभर ‘काही होणार नाही’ असे सांगत फिरतो. निराशावाद्यांत असे पुष्कळ सापडतील, की जे मुळात भाबडे आशावादी होते.

राजा नसलेल्यांचे काय?

यावर एक रास्त आक्षेप येईल. महाराजांच्या हाती राज्य होते, हुकूम होता, खजिना होता. अपुरा का होईना, होता. सामान्य माणसाने कोणत्या बळावर आशावादी व्हावे?

या प्रश्नाचे एक उत्तर पुराने दोनदा झोडपलेल्या शिरोळ तालुक्यातूनच आले. मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने, हेरवाड गावच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पती निधन पावल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, तिला मंगल कार्यातून वगळणे हे यापुढे गावात होऊ नये, असा तो ठराव. करोनाच्या साथीने गावोगावी कितीतरी तरुण स्त्रियांना वैधव्य आले होते, ती जखम ओली होती. काही दिवसांतच राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सुचविले. एका ठरावाने शेकडो वर्षांची रूढी सुटत नाही, हे हेरवाडच्या लोकांना आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असणार. अनेक घरांत ठरावानंतरही वडीलधाऱ्यांचे डोळे आडवे येत असतील. पण बांध चाळीस फुटांवर आला आहे. तो आता दिसू लागला आहे. पुढच्या पिढीतल्या मुलीला ‘असे करता येते काय’ असे विचारावे लागणार नाही. ‘आपल्या गावात अजून का झाले नाही’ असे ती विचारील.

दुसरे उदाहरण याहून निराळ्या क्षेत्रातले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे. कोल्हापूरला खंडपीठ व्हावे ही मागणी येथील वकिलांनी आणि नागरिकांनी चार दशकांहून अधिक काळ लावून धरली. आंदोलने झाली, आश्वासने मिळाली, विरली. ज्यांनी सुरुवातीला निवेदनांवर सह्या केल्या त्यांतील अनेक जण आज हयात नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कायमस्वरूपी खंडपीठाची मागणी करणाऱ्यांच्या दृष्टीने हाही अर्धाच बांध म्हणता येईल. परंतु तालुक्याच्या गावाहून सकाळच्या एस.टी.ने येऊन संध्याकाळी घरी परतू शकणाऱ्या पक्षकाराला विचारले, तर अर्ध्या बांधाचीही किंमत किती असते ते तो सांगेल.

हताशपणाची चैन

शेवटी निराशेविषयीही दोन शब्द स्पष्टपणे बोलले पाहिजेत. दुःखाने खचलेल्या माणसाची निराशा ही आदराने वागविण्याची गोष्ट आहे. तिला उपदेश करू नये. दोन महापुरांत दोनदा उभा ऊस कुजलेला पाहून ज्याने तिसऱ्यांदा लागण करण्यापूर्वी चार दिवस डोके धरले, त्याला कोणत्या तोंडाने काय सांगावे? पण ज्याचे काहीच बुडालेले नाही, त्याने ‘या देशात काही होणार नाही’ असे म्हणून खुर्चीत रेलणे ही निराळी गोष्ट आहे. ती चैन आहे. काही होणारच नसेल तर आपण काही करण्याचे कारण उरत नाही, हा त्या विधानाचा खरा आणि गोड अर्थ असतो. म्हणूनच ‘सर्व काही ठीक होईल’ आणि ‘काहीच ठीक होणार नाही’ ही दोन वाक्ये वरकरणी परस्परविरोधी असली, तरी आतून सख्खी भावंडे आहेत. दोघीही माणसाला घरी बसवतात.

पंचगंगेचे प्रदूषण हे याचे ढळढळीत उदाहरण. शहरांचे आणि गावांचे सांडपाणी, कारखान्यांची मळी, कापडप्रक्रियेचे रंगीत पाणी हे सारे नदीत जाते, याची चर्चा कैक वर्षे चालू आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि तिने बळी घेतले. मासे मेले की छायाचित्रे छापून येतात, बैठका होतात, नोटिसा जातात, आणि पावसाळा आला की पुराचे पाणी सर्व काही धुऊन नेते. नदीतली घाण आणि आपली लाजही. येथे आशावादी कोण? नदी आपोआप स्वच्छ होईल म्हणणारा नव्हे, आणि ती कधीच स्वच्छ होणार नाही म्हणणाराही नव्हे. आपल्या गावाचा एक नाला नदीत कोठे मिळतो ते शोधून, त्याच्या प्रक्रियेचा प्रश्न ग्रामसभेत वर्षानुवर्षे लावून धरणारा, आणि आपल्या हयातीत त्या पाण्यात डुंबायला मिळेलच अशी अट न घालणारा माणूस, तो आशावादी.

पूररेषेचेही तसेच आहे. जुलैत, पाणी दारात आले असताना, सारेच जागे असतात. तेव्हा मदतीला कोल्हापूर कधी कमी पडलेले नाही. होडी घेऊन धावणारी, रात्रभर भाकऱ्या थापणारी माणसे येथे घरोघर आहेत. कसोटी असते ती जानेवारीत. पात्र आटलेले असते, भिंतीवरची रेघ रंगाखाली गेलेली असते, आणि महानगरपालिकेच्या मेजावर पूररेषेतल्या एखाद्या बांधकामाचा कागद येऊन पडलेला असतो. त्या कोरड्या दिवसांत जो तो कागद अडवील, त्याला लोक किरकिऱ्या म्हणतील, विकासाचा वैरी म्हणतील, बहुधा निराशावादीही म्हणतील. त्याने ते सोसावे. पुढच्या पुरात ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागणार नाही, त्यांना त्याचे नावही माहीत नसेल.